सही विहिरीवर करीन

"आमच्याकडे ऊन कमी पडतं," दौलतआप्पा म्हणाले.

बाहेर बेचाळीस अंश होते. समोरच्या शाळेच्या पत्र्यावर एक कावळा उतरला, चटका बसल्यासारखा उडाला, पुन्हा काही तो तिकडे फिरकला नाही. आप्पा मुरुमटेकचे सरपंच. टोपीने वारा घेत घेत त्यांनी हे वाक्य उच्चारलं होतं.

"कमी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे भरवशाचं नाही. आज आहे, उद्या नाही."

"आप्पा, सूर्याबद्दल बोलतोय मी."

"मीपण त्याच्याचबद्दल बोलतोय. आपल्या हातात आहे का तो?"

ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून सात-आठ जण बसले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यातला एक म्हणाला, "अन् ढग आले तर?"

"शेवटचे कधी आले होते?"

"आले नाहीत म्हणून तर भीती, साहेब. आता कधीपण येतील."

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. मी तेव्हा तालुक्याला कनिष्ठ अभियंता होतो आणि सरकारच्या वतीने सौर पंप वाटत होतो. पाच टक्के शेतकऱ्याने भरायचे, बाकीचे सरकारने, अशी योजना. बाकीच्या एकसष्ट गावांत या पंपांपायी सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं होतं. एका गावात एकाच विहिरीसाठी चौघांनी अर्ज केले, त्यातला एक अर्जदार दोन वर्षांपूर्वीच वारलेला होता. मुरुमटेकमधून मात्र एकही अर्ज नाही. जिवंत माणसाचा नाही, मेलेल्याचा नाही.

आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये तालुक्याचा नकाशा होता. ज्या गावात एक तरी पंप मंजूर झाला, त्याला हिरवा ठिपका. एकसष्ट हिरवे, एक पांढरा. पुढच्या सोमवारी दिल्लीहून पथक येणार होतं, संपूर्ण सौर तालुका कसा दिसतो ते पाहायला. साहेबांनी मला नकाशासमोर उभं केलं.

"खैरनार, तुमच्या बढतीची फाइल मला दिसतच नाहीये," ते म्हणाले. "या पांढऱ्या ठिपक्याच्या मागे गेलीय बहुतेक. एक पंप द्या त्या गावाला. एकच."

मी अकरा वर्षं कनिष्ठ होतो. आमची ही लग्नकार्यात माझी ओळख करून देताना 'इंजिनिअर' एवढंच सांगायची, 'कनिष्ठ' गिळून टाकायची. तर असा तो ठिपका.

"आप्पा," मी पुन्हा म्हणालो, "जवळजवळ फुकट पडतो हो पंप."

आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "साहेब, तेच तर आहे. आमचं गाव फुकटचं काही घेत नाही."

सगळ्यांनी पुन्हा माना हलवल्या, या वेळी जरा अभिमानाने.

माझं बोलणं त्यांना नीट ऐकू जात नव्हतं, असंही असेल. कारण चहूबाजूंनी डिझेल इंजिनं पुकपुकत होती. मुरुमटेकला विजेचे खांब होते, पण वीज यायची ती पाहुणी आल्यासारखी, म्हणून इंजिनं असणं यात नवल नव्हतं. नवल हे की येताना मी एक माणूस पाहिला होता, तो ज्वारी निघून गेलेल्या मोकळ्या रानाला पाणी देत होता. डिझेल तेव्हा साठ रुपये लिटर. मी जीप थांबवून विचारलं, तर म्हणाला, "ढेकळं मऊ होतात." आणि फाट्यावरच्या पेट्रोल पंपाचा मालक पंपाखालच्या सावलीत खाट टाकून झोपला होता.

त्या मंगळवारी मी मुरुमटेकमध्ये अडीच तास बसलो. तेवढ्या वेळात तीन चहा झाले. चहात कसूर नव्हती. सारखी एक बाई मात्र दारावरून जायची. हातात रिकामी घागर, नजर आमच्या जीपवर. चारदा गेली. घागर चारही वेळा रिकामीच होती.

शेवटी मी उठलो. "ठीक आहे. शुक्रवारी आम्ही इथे शिबिरच घेतो. दहा ते पाच. तज्ज्ञ येतील, पडद्यावर फिल्म दाखवू, जेवण आमचं."

आप्पांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "दिवसभर?"

"दिवसभर."

"एवढा त्रास कशाला घेता साहेब तुम्ही?"

मला ते ऐकून भरून आलं. फार साधी माणसं, असं मी परतताना आमच्या ड्रायव्हरला म्हणालो. ड्रायव्हर इसाकभाई तांबोळी. बावीस वर्षं सरकारी गाड्या चालवत होते. ते म्हणाले, "साधी तर आहेतच," आणि ब्रेक मारला.

घागरवाली बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती.

"साहेब, शुक्रवारी तुम्ही खरंच दिवसभर थांबणार?" तिने खिडकीपाशी येऊन विचारलं.

"हो. का?"

"मधे कुठं जेवायला बिवायला जाणार? दुसऱ्या गावाला?"

"नाही बाई. जेवण इथेच."

तिने घागर जीपच्या बोनेटवर टेकवली. मग म्हणाली, "मला द्या एक फॉर्म."

मी अकरा वर्षांच्या नोकरीत एवढ्या वेगाने जीपमधून उतरलो नव्हतो. तिचं नाव मंगल सुकदेव गांगुर्डे. अडीच एकर रान नवरा-बायकोच्या नावावर, विहीर एक. सातबारा तिने पदरातूनच काढला. बरोबर घेऊनच फिरत होती. मी बोनेटवर फॉर्म ठेवून भरला आणि पेन तिच्यापुढे केलं.

"सही करा इथे."

"तुम्ही विहीर बघायला येणार ना? नियम असतो ना तसा?"

"असतो. विहिरीजवळ तुमचा फोटो काढायचा, टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं."

"मग सही विहिरीवर करीन," ती म्हणाली. "शुक्रवारी सगळ्यात आधी माझी विहीर. नारळ-बिरळ नंतर."

"मालकांना विचारलंत ना?"

"त्यांना आता विचारण्यासारखं राहिलेलं नाय," ती म्हणाली आणि घागर काखेत मारून रानात उतरली.

मला वाटलं, नवरा दारूडा असणार. इसाकभाई आरशात बघत होते.

शुक्रवारी साडेनऊला आम्ही पोचलो तर मंडप तयार. मंडपात आमचा प्रात्यक्षिकाचा सौर पंप मांडला होता, आणि त्याची माहिती देणारा लाउडस्पीकर चालावा म्हणून मंडपामागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता. आमच्याच ऑफिसने भाड्याने आणला होता. गाव झाडून जमलं होतं. आप्पांनी माझ्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला, आणि मी तो फोडायला वाकलो तोच मंगलबाई पुढे आली.

"साहेब, विहीर."

"हो हो, एवढं उद्घाटन झालं की निघू."

"आधी म्हणाला होता तुम्ही."

आप्पांनी मला हळूच मंडपाच्या कडेला नेलं. "साहेब, तिची विहीर ढासळलेली आहे. पाय घसरला तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं? ही इथं मागं माझी विहीर आहे, बांधीव, पायऱ्यांची. तिथं मंगलला उभी करा, फोटो काढा, पाणी मोजा. तुमचं काम झालं, तिचं झालं."

"पण फोटोबरोबर जागासुद्धा नोंदली जाते, आप्पा. नकाशावर."

"किती फरक पडंल? दोनशे मीटर."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, फार केला नाही. दोनशे मीटर हे सरकारी नोकरीत अंतर धरत नाहीत. मला तो ठिपका हिरवा झालेला दिसू लागला. मी मंगलबाईंना म्हणालो, "चला, या विहिरीवर काढू फोटो. पंप तुमचाच."

"ती विहीर माझी नाय."

"अहो, कागदावर तुमचीच दाखवू."

"मग सही पण कागदावरच दाखवा," ती म्हणाली आणि चालू लागली.

आता अडचण अशी की अर्जदाराच्या सहीशिवाय तो फॉर्म म्हणजे रद्दी. बाकी कोणी अर्ज करायला तयार नाही, आणि सोमवार तीन दिवसांवर. लोकांना नंतर वाटलं की माझ्या मनात काहीतरी शंका आली म्हणून मी गेलो. वर्तमानपत्रातही तसं आलं, 'जागरूक अभियंता' वगैरे. मी गेलो तो सहीसाठी. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात न फुटलेला नारळ, गळ्यात हार, अशा थाटात ढेकळं तुडवत मी त्या बाईच्या मागे धावत होतो. माझ्यामागे टेप घेऊन इसाकभाई, त्यांच्यामागे आप्पा आणि सात-आठ जण.

"अहो साहेब, चहा तरी!" आप्पा मागून ओरडत होते.

मंगलबाईंच्या रानातून पिवळ्या खुंट्यांची रांग गेली होती. असल्या खुंट्या त्या भागात मैलोन् मैल दिसतात. जमिनीखालून तेलाचा मोठा नळ गेला आहे, इथे खोदू नका, काही आढळलं तर या क्रमांकावर कळवा, असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. समुद्रकाठच्या कारखान्यातून निघालेलं तेल या नळाने देशाच्या पोटात जातं. मी त्या खुंट्या शेकडो वेळा पाहिल्या होत्या, वाचली एकही नव्हती.

खुंटीपासून चाळीस पावलांवर विहीर. तिच्या तोंडावर पत्रे, पत्र्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर कांद्याच्या पातीचा ढीग. कडेच्या बाभळीला एक जाड दोर बांधलेला, त्याचं दुसरं टोक पत्र्यांच्या फटीतून आत गेलेलं.

"विहीर झाकून का ठेवलीय?" मी विचारलं.

"शेळ्या पडतात," आप्पा म्हणाले.

"दोर कशाला?"

"शेळ्या काढायला."

मंगलबाईने पातीचा ढीग पायाने सारला आणि फट दाखवली. मी टेपच्या टोकाला नट बांधला आणि आत सोडला. पंचेचाळीस फुटांवर तो कशावर तरी आपटला. टण्ण. पाण्यात नट पडल्याचा आवाज असा येत नाही. मी टेप वर ओढला. शेवटचा वीतभर भाग ओला होता.

इसाकभाईंनी तो नाकाशी धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, हे तर पेट्रोल आहे."

"पेट्रोल?"

"इथं डिझेल असतं."

"तुम्हाला काय माहीत इथे काय असतं?"

इसाकभाईंनी वळून लांब उभ्या असलेल्या आमच्या जीपकडे पाहिलं. "आपली गाडी डिझेलवर चालते, साहेब," ते अदबीने म्हणाले. "गेल्या पावसाळ्यापासून."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. सूर्याच्या प्रचारासाठी तालुकाभर फिरणारी आमची जीप, जिच्या दोन्ही दारांवर पिवळा हसरा सूर्य रंगवला होता, ती याच विहिरीवर चालत होती.

तेवढ्यात आतून कोणीतरी खोकलं.

"कोण आहे आत?"

"कोणी नाही," आप्पा म्हणाले.

"आत्ता खोकलं कोण?"

"घुमतो आवाज. गावात कुणी खोकलं तरी या विहिरीत ऐकू येतो."

पुन्हा एक खोकला आला, आधीपेक्षा बारीक. मग काहीच आलं नाही. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. इंजिनं पुकपुकत होती. मंगलबाईने दोर धरला आणि एकटीच ओढू लागली. तो वीतभरसुद्धा हलला नाही. ती आमच्याकडे वळून ओरडली, "अरे बघता काय! आवाज बंद झाला त्यांचा!"

आणि आप्पांसकट ते सात-आठ जण नुसते उभे. त्यांचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. एकाने तर पाऊल उचललं आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली ठेवलं. चार वर्षं पाळलेला नेम होता त्यांचा, तो असा जागच्या जागी सुटत नव्हता. सरकारी माणसासमोर त्या विहिरीला हात लावायचा नाही. सरकारी माणसासमोर आत कोणी नसतो.

मी पहिल्यांदा डोकं वापरलं असेल तर तेव्हा. मी विहिरीकडे पाठ केली.

"मी काही पाहिलेलं नाही," मी समोरच्या बाभळीला म्हणालो. "आप्पा, ऐकताय ना? सरकारने अजून काही पाहिलेलं नाही."

माझं वाक्य संपायच्या आत मागे धावाधाव झाली. "पत्रे ओढू नका, उचला!" इसाकभाईंचा आवाज. "ठिणगी पडली तर सगळे जाऊ! तो जनरेटर बंद करायला पळा कुणीतरी! इंजिनं बंद करा!" मग "आप्पा, ती बिडी द्या इकडे." घाबरलं की बिडी काढायची आप्पांना सवय होती. सरपंचांच्या तोंडातली बिडी काढून घेणारा तालुक्यातला पहिला माणूस म्हणजे आमचे इसाकभाई.

दोराला दहा जण लागले. मीही लागलो, विहिरीकडे पाठ करूनच, खांद्यावरून दोर घेऊन. गळ्यातला हार मधे येत होता. वर आलं ते ओलं, निळसर, सदऱ्यातलं एक गाठोडं होतं. सुकदेव गांगुर्डे. मंगलबाईने त्याला पालथा घातला, पाठीवर थापा मारल्या, शिव्या दिल्या, पुन्हा थापा मारल्या. शिव्या मी इथे देत नाही, पण औषध म्हणून त्या थापांइतक्याच जोरकस होत्या. दोन-तीन मिनिटांनी तो ओकला. मग डोळे उघडले.

"गेली का गाडी?" त्याने विचारलं.

मंगलबाईने हात पदराला पुसले. मग माझ्याकडे बघून, इतका वेळ दाबलेलं सगळं बोलायला लागली.

"गाडी आली की झाकण लागतं, साहेब. कुठलीपण सरकारी गाडी. आतला माणूस वर नाय काढायचा, वेळ नसतो, अन् त्या तेलाच्या नळाला भोक पाडून विहिरीत बसवलेला कॉक गळका हाये, कुणीतरी धरून बसावंच लागतं, नायतर हे सगळं रानात पसरतंय. म्हणून झाकण लावायचं अन् गाडी जाईपर्यंत गप. ग्रामसेवक येतो, पंधरा मिनिटांत जातो. तलाठी दहा मिनिटांत. तुम्ही..." ती थांबली. "मंगळवारी तुम्ही तीन चहा घेतले. दुसरा चहा गेला तवा मी वरून हाक मारली, त्यांनी 'ओ' दिली. तिसऱ्याला नाय दिली. तुमची गाडी हलली तवा कुठं वर ओढले. त्यात तेव्हा डिझेल होतं तरी हे हाल. एकाच नळातून पाळीपाळीनं येतं, आज हे, परवा ते. आज पेट्रोलची पाळी, अन् तुम्ही म्हणे दहा ते पाच."

मी हार काढला.

"मला मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं? पोलिसांना कळवलं असतं. ते कशानं आले असते? गाडीनंच ना?"

मी हार बाभळीच्या फांदीला अडकवला.

सुकदेव बाभळीच्या सावलीत धापा टाकत पडला होता. ते पाहून माणसांच्या जिवात जीव आला, आणि जिवात जीव आला तसा नेम परत आला. एक जण विहिरीत डोकावून म्हणाला, "आप्पा, कॉक मोकळा हाये. आता कोण बसणार?" आप्पांनी चौफेर पाहिलं. बनियन काढत एक जण पुढेही झाला. चाळिशीचा, जाडजूड, आज्ञाधारक माणूस. दोराचं टोक त्याने स्वतःच कमरेला गुंडाळायला घेतलं.

मी पिवळ्या खुंटीकडे निघालो.

आप्पा धावत आले. "साहेब, तुम्ही तर म्हणालात काही पाहिलं नाही."

"तेव्हा नव्हतं पाहिलं."

"एका विहिरीचं काय घेऊन बसलात? दहा विहिरी देतो. दहा माणसं, दहा फोटो, आत्ताच्या आत्ता. सूर्य आम्हाला पटला."

हे ते मनापासून म्हणत होते. दहा पंप म्हणजे ठिपका हिरवा तर होताच, वर त्याला किनार लागली असती. मी खुंटीवरचा क्रमांक वाचला, तसाच पुढे रस्त्यापर्यंत चालत गेलो, कारण पेट्रोलच्या त्या वासात फोन काढायची हिंमत नव्हती. इसाकभाई बरोबर होते.

"गाडीचं विचारतील, साहेब. टाकीत काय आहे म्हणून."

"जे आहे ते सांगायचं."

त्यांनी दहा-बारा पावलं विचार केला. "मग माझं नाव जरा शेवटी सांगा."

संध्याकाळपर्यंत मुरुमटेकमध्ये इतक्या सरकारी गाड्या आल्या, की झाकणं असती तर गावातल्या सगळ्या विहिरींना लागली असती. तेलाच्या नळाचा एक तरुण इंजिनिअर आला होता. तो विहिरीच्या काठावर बसून स्वतःशीच मान हलवत होता. चार वर्षं त्यांच्या पडद्यावर या पट्ट्यात दाब किंचित कमी दिसायचा, म्हणाला. मग? मग आम्ही मीटर बदलला. तीनदा बदलला. चौथा मीटर मागवलेला आहे.

नळ दुरुस्तीसाठी चार दिवस बंद राहिला. त्या चार दिवसांत आसपासच्या तीन जिल्ह्यांतले पंप कोरडे पडले. एसटीच्या निम्म्या गाड्या डेपोतून निघाल्या नाहीत, बाजार समितीत कांदा सडला, आणि एका रुग्णवाहिकेला ट्रॅक्टरच्या टाकीतून नळी लावून डिझेल दिल्याचं मी स्वतः पाहिलं. एका विहिरीतल्या एका गळक्या कॉकवर एवढा मुलूख टांगलेला आहे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दिल्लीचं पथक सोमवारी जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचलं. संपूर्ण सौर तालुका पाहायला पुढे येता आलं नाही. गाड्यांना डिझेल नव्हतं.

मुरुमटेकमध्ये मात्र पहिल्यांदाच शांतता पसरली. एकही इंजिन पुकपुकत नव्हतं. पुढच्या पंधरा दिवसांत त्या गावातून त्रेचाळीस अर्ज आले. पहिला आप्पांचा, ते कोठडीत असल्यामुळे मुलाच्या हाती. 'सौर पंप का हवा' या रकान्यात त्यांनी 'ऊन मुबलक' असं लिहिलं होतं. नकाशा हिरवागार झाला. माझी फाइल ठिपक्यामागून बाहेर आली आणि चौकशीच्या कपाटात गेली, कारण सरकारी जीपच्या टाकीत चोरीचं तेल सापडलं होतं आणि ते आहे असं मीच लिहून दिलं होतं. इसाकभाईंचं नाव मी शेवटी घेतलं. त्यांची एक वेतनवाढ गेली. मी कनिष्ठ म्हणूनच निवृत्त झालो. ही आता 'रिटायर्ड इंजिनिअर' सांगते, त्यात गिळायला काही उरलं नाही.

त्रेचाळीस मंजूर झाले, एक नामंजूर झाला. मंगल सुकदेव गांगुर्डे. अर्ज शेवटी तिने सही करून दिला होता, त्याच दिवशी, बाभळीखाली बसून, शब्दाला जागून. पण नियमाप्रमाणे विहिरीला पाणी हवं. 'जलस्रोत नाही' असा शेरा मी माझ्या हाताने मारला. दुसऱ्या कोणी मारावा असं मला वाटलं नाही.

महिन्याभराने ती ऑफिसात आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"अर्ज नामंजूर झाला, मंगलबाई."

"ठाऊक हाये. पाणी चार वर्षांमागंच आटलं. म्हणून तर तीच विहीर धरली त्यांनी." तिने पदर सावरला. "मला माझा सातबारा द्या परत. जामिनाला लागतोय."

सुकदेव तेव्हा जिल्ह्याच्या तुरुंगात होता. आप्पांना आठव्या दिवशी जामीन मिळाला होता, त्यांच्याकडे बांधीव विहीर होती.

आमच्या ऑफिसात एकदा आत आलेला कागद बाहेर जात नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, त्याला वेगळा क्रमांक, मग साहेबांची मान्यता. मी दार लोटून घेतलं, फाइलीचा दोरा सोडला, सातबारा काढून तिच्या हातात दिला आणि दोरा होता तसा बांधला. तिने कागद उलटसुलट करून पाहिला, चार घड्या घातल्या.

"भेटून आलात?" मी विचारलं.

"काल गेले व्हते."

"कसे आहेत?"

"बरे हायेत. खोकला गेला." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "मी म्हणलं, कागद आणते, चार दिवसांत बाहेर काढते तुम्हाला. तर म्हणले, घाई करू नको."

"का?"

"म्हणले, इथं खिडकी हाये."